ढकलू, पण वायर नको

त्या शुक्रवारी सकाळी सव्वानऊ वाजता हेडक्लार्कांनी गाडीत बसून किल्ली फिरवली, तर गाडी नुसती ‘टिक्’ म्हणाली. पुन्हा फिरवली. आता तेवढंही म्हणेना. काट्यांवरचे दिवे नाहीत, हॉर्न नाही, काही नाही. हेडक्लार्कांनी हळूच मान वर करून छताकडे पाहिलं. छतातला छोटा दिवा काल संध्याकाळी चांगला पिवळाधमक होता, तो आता विझत्या काडीसारखा लालसर मिणमिणत होता. त्यांनी इकडेतिकडे बघत तो दिवा बंद केला आणि कपाळावरचा घाम पुसला. (ऐन थंडीत, अंगात स्वेटर असताना. घाम उन्हाचा नव्हता.)

तो दिवा रात्रभर का जळत राहिला, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. निदान त्या माणसाची तशी समजूत होती.

झालं होतं असं, की तीन वर्षांपूर्वी रक्तदाब तपासताना डॉक्टर म्हणाले, “रोज एक तास भरभर चाला.” हेडक्लार्कांनी लगेच बूट आणले, पांढरे, जाड रबरी तळव्यांचे. पहिल्या दिवशी ते कोपऱ्यापर्यंत भरभर चालले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत हळूहळू चालले. तिसऱ्या दिवशी इमारतीमागे उभ्या असलेल्या आपल्या गाडीपर्यंत चालले आणि आत जाऊन बसले. काय बरं वाटलं म्हणून सांगू! दार लावलं की ‘नळ गळतोय’ नाही, ‘गॅस संपलाय’ नाही, ‘साहेब, या कागदावर सही राहिली’ नाही. त्या दिवसापासून रोज सहा ते सात हेडक्लार्क ‘चालायला’ जात. बाजूच्या सीटखाली त्यांचा सगळा संसार होता: एक उशी, बिस्किटांचा पुडा, शब्दकोड्यांचं जाडजूड पुस्तक आणि वाचायचा चष्मा. (हा चष्मा हरवलाय म्हणून घरात तीन महिने शोधाशोध चालू होती, आणि शोधणाऱ्यांत हेडक्लार्क सगळ्यांत पुढे होते.) सात वाजता बाहेर पडायचं, जिना दोनदा वरखाली करून धाप लावून घ्यायची आणि घरात शिरताना म्हणायचं, “हुश्श! आज पुलापर्यंत जाऊन आलो.”

आणि शब्दकोडी तर काय सुटत! आदल्या दिवशी अडलेला शब्द दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडावं तर भरलेला असायचा. हेडक्लार्कांना आधी नवल वाटलं, मग अभिमान वाटू लागला. कोडं सोडवता सोडवता डोळा लागायच्या बेतात आपल्याला शब्द सुचतो, आपण तो लिहितो आणि विसरतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला. अशा वेळी आपलं अक्षरही जरा सुधारतं, हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं होतं.

काल मात्र ‘आडवे चौदा’ने घात केला. ‘जागचं न हलणारं, तीन अक्षरं.’ डोकं खाजवता खाजवता सव्वासात झाले आणि फोन वाजला. “अहो, कुठपर्यंत पोचलात?” हेडक्लार्क म्हणाले, “पुलापाशी आहे, निघालोच.” आणि पुलापासून घरी ते दोन मिनिटांत पोचले. त्या घाईत दिवा राहिला.

एरवी हे एवढं मनावर घ्यायचं कारण नव्हतं. पण त्या दिवशी अकरा वाजता त्यांच्या बायकोची ड्रायव्हिंगची टेस्ट होती. तिसरी.

बायको शाळेत शिकवायची. गल्लीत तिला सगळे ‘बाई’ म्हणत, घरातही अर्धा वेळ तेच. एकवीस वर्षं शिकवल्यावर बाईंना मुख्याध्यापिकेची ऑर्डर आली होती, पण शाळा गावाबाहेर, टेकडीपलीकडे. तिकडे बस जात नाही. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. आज लायसन्स मिळालं तर सोमवार जमणार होता. आजची तारीख हुकली तर पुढची तीन महिन्यांनी.

आणि आधीच्या दोन टेस्ट? पहिल्या वेळी हेडक्लार्क मागच्या सीटवर होते. बाई झकास चालवत होत्या. वळणावर हेडक्लार्क एकदम ओरडले, “ब्रेक!” बाईंनी ब्रेक मारला. इन्स्पेक्टरचं पेन खिशातून उडून काचेवर आपटलं. दुसऱ्या वेळी हेडक्लार्कांना मैदानाच्या दोरीबाहेर उभं केलं होतं, पण त्यांनी आदल्या रात्री शिकवणी घेतली होती. “हे बघ, तो अधिकारी आहे. आपण त्याचा अधिकार मानतो हे दिसलं पाहिजे.” म्हणून बाईंनी दर वेळी विचारलं, “सर, दुसरा गिअर टाकू का? सर, आता तिसरा टाकू का?” इन्स्पेक्टरने शेरा लिहिला, ‘उमेदवार स्वतः निर्णय घेत नाही.’

तेव्हा ही तिसरी वेळ. महिनाभर बाई स्वयंपाक करता करता रस्त्यावरच्या खुणा पाठ करत होत्या. काल रात्री हेडक्लार्कांना जाग आली, तर शेजारी अंथरुणात बाईंचा डावा पाय हवेतला क्लच दाबत होता. आणि आज ही गाडी ‘टिक्’ म्हणत होती.

“झाली का सुरू?” बाई खाली आल्या. इस्त्रीचे कपडे, हातात फॉर्मची फाइल. मागोमाग हेडक्लार्कांची आई, एकेक पायरी मोजत. आधीच्या दोन्ही टेस्टना आई हजर होती आणि तिसरी चुकवायची तिची इच्छा नव्हती. ती सरळ मागचं दार उघडून सीटवर बसली. “मी एकदा बसले म्हणजे बसले,” ती म्हणाली. “गुडघ्यांना सारखी चढउतार सोसत नाही.”

“जरा थंड पडलीये,” हेडक्लार्क म्हणाले.

“थंड पडलीये म्हणजे?”

“म्हणजे... डिझेल गाडी आहे. थंडीत आळसावते.”

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य दवाखान्यात जायला निघाले होते, पांढरा कोट घालून. त्यांनी गाडीच्या आत एक नजर टाकली, अगदी तोंडात टाकतात तशी. “बॅटरी उतरली की हो तुमची,” ते म्हणाले. “माझ्याकडे वायरी आहेत. माझी गाडी शेजारी लावतो, दोन चिमटे इकडे, दोन चिमटे तिकडे, पाच मिनिटांचं काम. पण एक सांगा, रात्री काही चालू राहिलं होतं का? दिवाबिवा?”

इथेच सगळं बिघडलं बघा. हेडक्लार्कांनी या घडीला ‘हो’ म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ‘दिवा’ म्हटलं की ‘कोणता दिवा’, मग ‘का लावला’, मग ‘तुम्ही तर पुलापाशी होतात’. ऑफिसात तीस वर्षं फायली फिरवलेला माणूस, एका चौकशीतून दुसरी कशी निघते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

“वायर नको,” हेडक्लार्क म्हणाले.

“नको? का?”

“आजकालच्या गाड्या नाजूक असतात हो. बाहेरचा करंट दिला की आतलं जळतं. ढकलू. डिझेल गाडी आहे, ढकलली की सुरू. आमच्या वडिलांची जीप...”

“झालं,” बाई हळूच म्हणाल्या.

वडिलांची जीप हा या घरातला मोठा विषय होता. तीही डिझेलचीच, पत्र्याची, पंचावन्न वर्षांपूर्वीची. तिची बॅटरी म्हणे कधीच नीट नव्हती, पण वडिलांनी कुणापुढे हात पसरला नाही. दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबायचा, गाडी ढकलायची, वेग आला की फट्कन क्लच सोडायचा, की धडधडधड सुरू! हेडक्लार्कांनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती, की दंतवैद्यांनाही ‘फट्कन’ कुठे येतं ते पाठ होतं.

“पण ती जुनी जीप होती,” दंतवैद्य म्हणाले.

“इंजिन ते इंजिन!” हेडक्लार्क म्हणाले आणि स्टेअरिंगवर बसले. “तुम्ही दोघं मागून लावा हात. मी सांगेन तेव्हा.”

दंतवैद्यांनी बोलता बोलता आपल्या गाडीतून वायरी काढून आणल्या होत्याच, त्या परत ठेवायला कोण जाणार, म्हणून त्यांनी त्या हारासारख्या गळ्यात घातल्या. एक लाल, एक काळी. बाईंनी फाइल आईच्या मांडीवर दिली, पदर खोचावा तसा ओढणीचा बोळा कमरेला खोचला आणि गाडीला खांदा लावला.

“ढकला!”

गाडी हलली. कमानीतून बाहेर रस्त्यावर आली. रस्ता सपाट होता, दोघं ढकलत होती, मागच्या सीटवर आई खिडकीतून ओळखीच्यांकडे बघून मान हलवत होती.

“आणखी जोरात! आणखी... आता!” हेडक्लार्कांनी फट्कन क्लच सोडला. गाडी एक गचका देऊन जागच्या जागी थांबली. दंतवैद्यांचं नाक मागच्या काचेवर आपटलं.

“दात बघा हो, दात,” आई आतून म्हणाली.

“काही नाही, पहिल्यांदा असंच होतं,” हेडक्लार्क म्हणाले. “इंजिनाला कळायला वेळ लागतो.”

दुसऱ्यांदाही गचका. तिसऱ्यांदा इतका मोठा गचका, की आईच्या मांडीवरची फाइल पुढच्या सीटवर गेली. कोपऱ्यावरचा शिंपी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, “हॅंडब्रेक काढलाय ना?” हेडक्लार्कांनी रागाने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग गुपचूप खाली पाहिलं. काढलेला होता. (तेवढ्यापुरती त्यांची बाजू खरी निघाली.)

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. बाई धापा टाकत खिडकीशी आल्या. केस कपाळाला चिकटले होते आणि इस्त्रीच्या कपड्यांवर गाडीच्या मागच्या धुळीचा पट्टा उमटला होता.

“तुमचे वडील असेच ढकलायचे का हो?” त्यांनी विचारलं.

“असेच!”

“कसले असेच?” मागून आई म्हणाली. “ते कुठे ढकलायचे? ते तुझ्यासारखे स्टेअरिंगवर बसायचे. ढकलायचे मी. तू पोटात होतास तेव्हासुद्धा सहाव्या महिन्यापर्यंत ढकललीये. आणि धडधडधड कसली? चार वेळांत एकदा लागायची. बाकी तीनदा शेजारचे गवळी ओढून न्यायचे.”

दंतवैद्यांनी रस्त्याच्या पलीकडच्या भिंतीचं निरीक्षण सुरू केलं.

“उठा तिथून,” बाई म्हणाल्या.

“अगं, पण...”

“टेस्ट माझी आहे. स्टेअरिंगवर मी बसते. ढकलायचं तुम्ही. रोज एक तास भरभर चालता ना? पुलापर्यंत जाऊन येता. तुम्हाला काय अवघड आहे?”

हेडक्लार्क उतरले, गाडीच्या मागे गेले आणि त्यांनी दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले.

आता खरं सांगायचं तर तीन वर्षांत हेडक्लार्कांनी बिस्किटाच्या पुड्यापेक्षा जड काही उचललं नव्हतं. वीस पावलांत त्यांच्या छातीचा भाता झाला. चाळीस पावलांत त्यांना दिवसा तारे दिसले. पांढरे बूट मात्र आज पहिल्यांदाच रस्त्याला घट्ट धरून होते.

“तुमचा स्टॅमिना तसा...” दंतवैद्य शेजारून म्हणाले आणि सभ्यपणे थांबले.

“सकाळी... जमत नाही... मला... संध्याकाळची... सवय आहे,” हेडक्लार्क म्हणाले.

“अजून सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे. वायरी गळ्यातच आहेत.”

“वायर... नको.”

पुढे बाई प्रत्येक वेळी क्लच सोडत होत्या, गाडी प्रत्येक वेळी गचका देत होती. फरक एवढाच, की प्रत्येक गचक्यानंतर गाडी मैदानाच्या दिशेने पन्नास पावलं पुढे सरकलेली असायची. रस्ता संपला आणि मोठ्या उताराचं तोंड आलं. खाली, अगदी सरळ रेषेत, टेस्टचं मैदान दिसत होतं. लोखंडी फाटक उघडं, आत पांढऱ्या पट्ट्यांच्या चौकटी, पिंपांची रांग, आणि एका खुर्चीवर बसलेला इन्स्पेक्टर. साडेदहा झाले होते.

हेडक्लार्कांनी गाडीच्या मागे डोकं टेकवलं. पत्रा गार होता. त्यांना रात्रीचा तो हवेत क्लच दाबणारा पाय आठवला आणि एकदम फार वाईट वाटलं. एकवीस वर्षं ही बाई दुसऱ्यांच्या वेळेवर शाळेत जाते-येते आहे, एकदाच स्वतःच्या हाताने कुठे जाणार होती, आणि आपण एका शब्दकोड्यापायी... ते चालत खिडकीशी गेले.

“अगं, तुला एक सांगायचं होतं.”

“पोचल्यावर सांगा.”

“नाही, म्हणजे ही बॅटरी...”

“पोचल्यावर. मागे जा आणि एक शेवटचा जोर लावा. उतारावर घेते मी.”

त्यांनी जोर लावला. आणि मग लावायची गरजच उरली नाही, कारण गाडी आपसूक निघाली. आधी चालत, मग धावत. हेडक्लार्क तिच्या मागे हात पुढे करून धावत होते, हात आणि गाडी यांच्यातलं अंतर वाढत होतं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण आता काहीही ढकलत नाही आहोत.

“क्लच सोड!” ते ओरडले.

बाईंनी सोडला. गाडी फुरफुरली, अंग झाडल्यासारखी हलली, पण इंजिन काही लागलं नाही. मग बाईंनी काय केलं, तर क्लच दाबला, गिअर काढला आणि गाडी तशीच जाऊ दिली.

“ब्रेक!” हेडक्लार्क ओरडले. “अगं, ब्रेक!”

या वेळी त्यांच्या ओरडण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. इंजिन बंद असलं की ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं आणि स्टेअरिंग वळवायला दोन माणसांचं बळ लागतं. बाईंनी पेडलवर दोन्ही पाय दिले, दाबत सोडत, दाबत सोडत गाडी आवरत आणली, दात-ओठ खाऊन स्टेअरिंग वळवलं, फाटकातून गाडी आत घेतली, पिंपांच्या रांगेतून डावीकडे, उजवीकडे, एकाही पिंपाला धक्का नाही, आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या चौकटीत बरोबर मधोमध उभी केली. आवाज म्हणून कसला नाही. फक्त शेवटच्या ब्रेकला बाजूच्या सीटखालून काहीतरी घसरत पुढे आलं.

इन्स्पेक्टर खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. तोच, पेन उडालेला. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग मागच्या सीटवरच्या आईकडे. आईने मान हलवली.

“बाई,” तो म्हणाला, “तुम्ही इंजिन बंद ठेवून उतार उतरलात? वेड लागलंय का? समोरून कोणी आलं असतं म्हणजे?”

“चूक झाली, सर,” बाई म्हणाल्या. “पुन्हा नाही करणार. पण ही तारीख हुकली असती तर सोमवार गेला असता माझा.”

इन्स्पेक्टरने चाकांखालच्या पट्ट्या बघितल्या. दोन्ही बाजूंना सारखीच वीतभर जागा होती. त्याने घसा साफ केला. “गाडी सुरू का नाही झाली?”

एवढ्यात हेडक्लार्क फाटकातून आत आले. आले म्हणजे दंतवैद्यांनी आणले. “ढकलून... बघितली...” ते म्हणाले. “पाचशे... पावलं...”

“ढकलून?” इन्स्पेक्टरला हसू आवरेना. “साहेब, ही नवीन डिझेल गाडी आहे. हिच्यात डिझेल केव्हा आणि किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी पार उतरली म्हणजे तो कॉम्प्युटर झोपलेला. मग इंजिन कितीही फिरवा, डिझेल सोडणार कोण? तुम्ही हिला समुद्रापर्यंत ढकलली असती तरी सुरू झाली नसती. गाडीबरोबर पुस्तक येतं, त्यात लिहिलेलं असतं. वाचलं नाही?”

हेडक्लार्कांनी ऑफिसात आलेलं प्रत्येक परिपत्रक तळटिपांसकट वाचलेलं होतं. गाडीचं पुस्तक मात्र अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं, सीलबंद. पुस्तक ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी असतं, असं त्यांचं मत होतं.

“वायरी आहेत,” दंतवैद्य म्हणाले आणि गळ्याला हात लावला. एवढा वेळ त्या तिथेच होत्या.

इन्स्पेक्टरने सरकारी गाडी शेजारी आणायला सांगितली. दोन चिमटे इकडे, दोन चिमटे तिकडे. पाच मिनिटं सांगितली होती, चारच लागली. बाईंनी किल्ली फिरवली आणि गाडी अशी गपकन सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. हेडक्लार्कांना तिचा फार राग आला.

“नव्याने टेस्ट घेणार,” इन्स्पेक्टर म्हणाला. “सुरुवातीपासून, रीतसर. बाकीच्यांनी दोरीबाहेर.” मग हेडक्लार्कांकडे बघून, “तुम्ही जरा जास्तच बाहेर.”

हेडक्लार्क दोरीबाहेर आईशेजारी उभे राहिले. (आई शेवटी उतरली होती. इन्स्पेक्टरच्या खुर्चीवर ती बसली होती आणि दंतवैद्य दवाखान्यात फोन करून एका पेशंटला ‘मी येईपर्यंत त्या बाजूने चावू नका’ असं सांगत होते.) आत गाडी आठच्या आकड्यात फिरत होती. हेडक्लार्कांच्या तोंडून ‘ब्रेक’ बाहेर पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने तोंड धरून ठेवलं होतं. गाडी चढावर थांबली. मागे घसरली नाही. पुढे निघाली. हेडक्लार्कांचे डोळे भरून आले, आणि या वेळी ते धाप लागल्यामुळे नव्हतं.

“आई,” ते म्हणाले, “बॅटरी माझ्यामुळे उतरली.”

“बरं,” आई म्हणाली. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “बाजूला हो, मला दिसत नाहीये.”

वीस मिनिटांनी गाडी थांबली. इन्स्पेक्टर उतरला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो वाचला आणि शाळेतल्या मुलीसारखी एक उडी मारली. कागदावर लिहिलं होतं, ‘पास. उमेदवार स्वतः निर्णय घेतात.’ पुढे कंसात बारीक अक्षरात, ‘यापुढे इंजिन चालू असताना घ्यावेत.’

मग इन्स्पेक्टरने खिडकीतून एक जाड पुस्तक बाहेर काढलं. “हे कुणाचं? टेस्टभर माझ्या पायाशी होतं. एक उशीपण आहे. आणि हा चष्मा.”

हेडक्लार्कांनी तिन्ही वस्तू घेतल्या. दंतवैद्य फार समजूतदार माणूस, ते म्हणाले, “मी चालत जातो, वाटेतच आहे,” आणि वायरी गळ्यात घालून निघून गेले.

घरी येताना, बाजाराच्या लांबच्या वाटेने, स्टेअरिंगवर बाई, मागे आई आणि बाजूला मांडीवर उशी घेऊन हेडक्लार्क. गाडी सुरेख चालली होती. उशी सरळ करत ते म्हणाले, “आता पोचलो. सांगू का?”

“सांगा.”

“मी रोज संध्याकाळी चालायला जात नाही.”

“माहीत आहे,” बाईंनी तिसरा गिअर टाकला. कुणालाही न विचारता.

“माहीत आहे? केव्हापासून?”

“तीन वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची भिंत दिसते. रोज सहाला तिच्यावर पिवळा चौकोन पडतो, सातला जातो. आणि पुलापर्यंत चालणाऱ्या माणसाच्या बुटांचे तळवे तीन वर्षांत झिजू नयेत?”

हेडक्लार्कांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच ते जरा झिजल्यासारखे दिसत होते. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी मांडीवरचं पुस्तक उघडलं. ‘आडवे चौदा’ भरलेलं होतं. स्थावर. टपोरं, वळणदार, फळ्यावरचं अक्षर.

“हे... हे कधी लिहिलंस?”

“आत्ता, इन्स्पेक्टर फॉर्म भरत होता तेव्हा. बाकीचे सकाळी लिहिते, गाडी शिकायला बसते तेव्हा. तुम्ही अडलात की मला बघवत नाही.”

म्हणजे झोपेत चालणारं ते डोकंही आपलं नव्हतं, आणि सुधारलेलं अक्षरही नव्हतं. हेडक्लार्कांनी पुस्तक मिटलं.

बाजाराच्या वळणावर बाईंनी सिग्नल दिला, आरशात पाहिलं आणि विजेच्या सामानाच्या दुकानासमोर गाडी अलगद लावली. दोन मिनिटांनी त्या परत आल्या आणि हेडक्लार्कांच्या मांडीवर, उशीच्या वर, एक लहानसा दिवा ठेवला. सेलवर चालणारा, आकड्याला अडकवायचा.

“हा घ्या,” त्या म्हणाल्या. “मला सोमवारपासून सकाळी सहाला गाडी सुरू व्हायला हवी. संध्याकाळी ती मोकळीच असते. बसत जा खुशाल.”

हेडक्लार्कांनी दिव्याचा खटका एकदा दाबून पाहिला. आपण या बाईला इतकं फसवलं, आज तिची टेस्ट बुडवत आणली, आणि हिने आपल्यासाठी दिवा आणला. “तुला राग नाही आला?” त्यांनी विचारलं.

“राग कसला हो? सहा ते सात घरात किती शांत असतं. ना नळावर चर्चा, ना ऑफिसच्या गोष्टी. मी आणि आई दोघी निवांत चहा पितो. एवढ्यासाठी तर तीन वर्षं काही बोलले नाही मी.”

हेडक्लार्कांनी मोठ्या आशेने मान वळवून मागे पाहिलं. काही झालं तरी आई ती आई.

आई खिडकीतून बाहेर बघत होती. “सेल चांगले मोठे घातलेत ना गं?” ती म्हणाली. “म्हणजे एक कशाला, दोन तास बसू दे.”